आलेप्पीला गेलेली

जांभूळच्या जलशुद्धीकरण केंद्रात मी प्रयोगशाळेत काम करते. नदीचं पाणी शुद्ध होऊन कारखान्यांना आणि आसपासच्या वस्त्यांना जातं, आणि जाण्याआधी त्याचे नमुने माझ्या टेबलावर येतात. क्लोरीन किती, क्षार किती, गढूळपणा किती ते बघायचं, फळ्यावर लिहायचं आणि काचेची भांडी धुवून पालथी घालायची. पाण्यात असेल ते दिसतं, नसेल ते दिसत नाही. भूत, भानामती, अंगात येणं असल्या गोष्टींना माझ्या वडिलांनी आमच्या बेलवलीच्या घराच्या दारातसुद्धा उभं केलं नव्हतं, आणि मीही केलेलं नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे मी तिखटमीठ लावते आहे असं कुणाला वाटायला नको.

माझ्या नवऱ्याचं नाव हरिचंद्र. बोलताना मी त्याला अहो-जाहो करते. लिहिताना मात्र हरिचंद्र, आणि एकेरी. तेवढं मी आता माझं मी ठरवलं आहे.

तो मला बघायला आला तेव्हा आमच्या ओटीवर एक कॅलेंडर होतं. त्यावर केरळातल्या आलेप्पीचं चित्र होतं. एक कालवा, त्याच्यावर वाकलेले माड, दगडी पूल, पुलाखालून निघालेली लांब होडी, आणि कालवा संपतो तिथे वाळू आणि समुद्र. बाकीच्या माणसांनी मला भाकरी येते का, शिवण येतं का, असं सगळं विचारून घेतलं. हरिचंद्रने विचारलं, "तुम्ही मघापासून तिकडे काय बघताय?" मी म्हटलं, "ते शहर." तो हळूच म्हणाला, "मी नेईन तुम्हाला." मी त्या एका वाक्यावर लग्नाला हो म्हटलं. ज्याला हसायचं त्याने हसावं.

हरिचंद्र अंबरनाथच्या एका मोठ्या कारखान्यात होता. तिथे कामगारांना दर चार वर्षांनी एलटीसी मिळायची, म्हणजे बायकोमुलांना घेऊन देश बघून यायचा प्रवासखर्च. आणि ही एलटीसी न जाता घ्यायची, अशी आमच्याकडे रीतच पडून गेली होती. चार लोकांत गावभर सांगायचं, बॅगा भरायच्या, रिक्षात बसायचं आणि कुठेतरी नातेवाइकांकडे दार लावून बसून राहायचं. तिकिटांचं बघणारे एजंट होते. कन्याकुमारी करून आलेली माणसं खरं तर मुरबाडला सासुरवाडीत आंबे खाऊन आलेली असत, आणि ऐकणारा प्रत्येक जण "सूर्योदय कसा काय होता?" असं मान हलवत विचारत असे. सगळ्यांना सगळं ठाऊक, आणि कुणी कुणाला उघडं पाडायचं नाही.

आमचं तसं नव्हतं. एकोणनव्वदच्या मे महिन्यात हरिचंद्र म्हणाला, "ह्या टायमाला आलेप्पी. पक्कं." मी उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये जाऊन पोपटी रंगाची साडी घेतली. शेजारच्या अन्नम्माला तर माझ्याहून जास्त आनंद झाला, कारण ती मूळची तिथलीच. तिचा नवरा टेलिफोन खात्यात, त्यामुळे अख्ख्या मजल्यावर फोन फक्त तिच्याकडे होता. तिने तिच्या बहिणीला फोन करून आमच्या येण्याचं कळवून टाकलं.

"सुनंदा, तू जेवायला जायाचं तिकडे. माझा बहीण करीमीन मासा बनवते. नाय बोलला तर मला राग येल," ती म्हणाली. मग माझ्या हातून घराची किल्ली घेतली. आमच्या अंबरनाथच्या बिल्डिंगला पाणी सकाळी येऊन जातं. गावाला जाणाऱ्याने किल्ली शेजारी द्यायची आणि परत यायच्या आदल्या दिवशी पिंप भरून ठेवायला सांगायचं, हा आमच्या मजल्याचा शिरस्ता आहे.

रिक्षा निघाली. कल्याणकडे वळायच्या ठिकाणी ती वळली नाही. मी हरिचंद्रकडे बघितलं. तो बाहेर बघत होता.

"अहो, स्टेशन?"

"ऐक ना. समजून घे जरा," तो म्हणाला. "सगळेच करतात. बेलवलीला रूम घ्यायची का नाय आपल्याला? फिरून काय हातात येणार आहे?"

मी रडले नाही. रिक्षावाल्यासमोर काय रडणार? पण त्या वळणावर माझ्या आत काहीतरी आंबून गेलं ते गेलंच.

*

कॅम्प दोनच्या बाजारात, कापडाच्या आणि बटणांच्या दुकानांमागे, मधु नावाच्या सिंधी माणसाचा फोटो स्टुडिओ होता. हरिचंद्रची त्याच्याशी ओळख होती. स्टुडिओवर एक पत्र्याची खोली होती, तिथे आमची आलेप्पी. खाली उतरायला आतून एक लाकडी जिना होता आणि तो थेट स्टुडिओत उघडायचा. बाजारात फिरायची बंदी, कारण अंबरनाथची माणसं तिथे रोजच खरेदीला. मी खिडकीच्या फटीतून आमच्याच बिल्डिंगमधल्या बायकांना रिबिनी घेताना बघत बसायचे.

स्टुडिओत फोटोसाठी मागे सोडायचा पडदा होता. आम्ही पहिल्यांदा खाली उतरलो तेव्हा मी तो बघितला आणि तशीच उभी राहिले. कालवा, माड, दगडी पूल, लांब होडी, मागे वाळू आणि समुद्र. कॅलेंडरवरचंच शहर, फक्त भिंतभर मोठं.

"हा कुणी काढला?" मी विचारलं.

"पैलेवाले का है, भाभी," मधु म्हणाला. "मैंने दुकान लिया, तब से लटकेला है. गिऱ्हाइक को पसंद है, तो मैं कायको निकालूं?"

एलटीसीचे म्हणून लोकांना दाखवायला फोटो लागतात, म्हणून आमचे काढायचे ठरले. मी पोपटी साडी नेसले. पडद्यासमोर आम्ही दोघं उभे राहिलो. वरच्या दिव्यांनी अंग भाजत होतं.

"भाभी, थोडा तो हसो ना. घूमने आये हो, कोर्ट में नहीं आये," मधु म्हणाला.

मी हसले नाही. हे मला नीट आठवतं, कारण मी मुद्दाम दात आवळून उभी होते. त्याने बटण दाबलं. मी वर गेले, साडी सोडली, घडी घालून बॅगेत तळाशी ठेवली आणि मनाशी म्हटलं, ही साडी आता या जन्मात नेसायची नाही.

दुपारी वरचा पत्रा तापायचा. मधु शटर ओढून बाहेरून कुलूप लावायचा आणि घरी जेवायला जायचा. हरिचंद्र चटई घेऊन खाली झोपायला जायचा. "खाली गार वाटतं. तू पण ये," म्हणायचा. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. त्याच्याबरोबर गार वाटून घ्यायची माझी इच्छा नव्हती.

एका दुपारी पाणी प्यायला उठले तर जिन्यातून दमट वारा वर येत होता. वाऱ्याला वास होता. माशांचा, ओल्या काथ्याचा, आणि चिखलाचा, पण आमच्या वालधुनी नदीचा नव्हे. मी खाली उतरले. स्टुडिओ काळोखा. शटर बाहेरून बंद. चटई पसरलेली, उशीवर डोक्याचा खळगा, आणि हरिचंद्र नाही. पडदा खालून हलत होता. पंखा बंद होता. मी पडदा बाजूला करून बघितलं. मागे चुन्याची भिंत. तिच्यावर हात ठेवला तर ती कोमट होती, आणि ओलीही.

मी वर येऊन बसले. थोड्या वेळाने तो जिन्यातून वर आला. केस ओले, कपाळ रापलेलं.

"कुठे होता?"

"खालीच की. झोपलेलो."

"केस ओले आहेत."

"मोरीत तोंड धुतलं."

त्या भागात त्या वेळी पाणी येत नव्हतं. मोरीतली बादली सकाळपासून कोरडी होती. पाण्याच्या बाबतीत माझ्याशी खोटं बोलू नये, एवढं तरी त्याला कळायला हवं होतं. मला वाटलं, याची इथे कुणीतरी बाई आहे. बाजूच्या गल्लीत उघडणारं एखादं दार असेल, मला न दिसलेलं. अशा वेळी बायकांच्या मनात जे येतं तेच माझ्याही मनात आलं.

निघायच्या दिवशी मी बॅग आवरायला घेतली. पोपटी साडी ओलसर लागली. घडी माझीच होती. मी साडी उभी दुमडते आणि पदर आत घेते, ती घडी आईने शिकवलेली, तशी बाकी कुणी घालत नाही. मी ती झटकली. काठातून वाळू सांडली, बारीक, पांढरट, शिंपल्यांच्या चुऱ्याची.

*

घरी आलो तर पिंप काठोकाठ भरलेलं. अन्नम्मा दारातच मला बिलगली.

"माझा बहीण बोलली, सुनंदा किती चांगला बाई. किती हसते! दोन वेळा मासा घेतला. आणि तू पण काय गं! फिरायला गेली तरी तिकडून मला फोन करते, उद्या येते, पिंप भरला काय? पाणीखात्यातली बाई ती पाणीखात्यातलीच!"

मी हसल्यासारखं केलं. आत आल्यावर हरिचंद्रला विचारलं, "अन्नम्माच्या बहिणीला पण सांगून ठेवलंत का खोटं बोलायला? आणि माझ्या आवाजात फोन कुणी केला?"

"मी कुणाला काय नाय सांगितलं," तो म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. खोटं बोलताना तो कान खाजवतो. तेव्हा त्याने कान खाजवला नाही.

पुढच्या आठवड्यात फोटो आले. हरिचंद्र जसा उभा होता तसाच आहे. त्याच्या शेजारी मी आहे, पोपटी साडीत, मान जरा मागे टाकून, सगळे दात दिसतील अशी हसते आहे. इतकी हसलेली मी मला कधी बघितलेली नाही. मी तो फोटो घेऊन मधुकडे गेले.

"आप ही तो हसे थे, भाभी," तो म्हणाला. "निगेटिव झूठ नहीं बोलता." त्याने काचेवर ठेवून निगेटिव दाखवली. काळे दात, काळं हसू.

साडीचा काठ मी घरी बसून शुद्ध पाण्यात खळबळून काढला आणि ते पाणी बाटलीत भरून जांभूळला नेलं. क्षार तपासायची आमची रीत सोपी आहे. नमुना पिवळा करायचा आणि वरून नळीतून चांदीच्या क्षाराचं द्रावण थेंब थेंब सोडायचं. पाणी विटकरी झालं की थांबायचं; मीठ जितकं जास्त, तितके थेंब जास्त. नळाचं पाणी थोड्याशा थेंबांतच विटकरी होतं. घाम असता तर जरा जास्त लागलं असतं, तेही मी धरून चालले होते. पण माझं पाणी दुधासारखं पांढरट होत गेलं आणि पिवळंच राहिलं. नळी रिकामी झाली. मी परत भरली, आणि तीही संपली.

फळ्यावर मी काही लिहिलं नाही. भांडी धुतली, पालथी घातली आणि घरी आले.

*

त्यानंतर जे झालं ते हळूहळू झालं, आणि त्यात भिण्यासारखं काही नव्हतं. फक्त दुखण्यासारखं होतं.

हरिचंद्रने तो फोटो फ्रेम करून आरशाशेजारी लावला. दाढी करताना तो आरशात कमी आणि फोटोत जास्त बघायचा. स्वयंपाकाला खोबरेल तेल आणायला लागला. मी फोडणी दिली की म्हणायचा, "तशी नाय लागत." कशी, ते सांगायचा नाही. अन्नम्माची बहीण दर ओणमला माझ्यासाठी केळ्याचे वेफर पाठवायची, आणि एकदा माझ्या मापाच्या हिरव्या बांगड्याही आल्या. मी त्या घातल्या नाहीत. कुठे गेल्या, तेही विचारलं नाही.

मग एक दिवस, गालाला साबण लावलेला असतानाच, तो अगदी सहज म्हणाला, "तू तिथे किती हसायचीस."

माझ्या हातात कणकेचा गोळा होता.

"कुठे?"

"आलेप्पीला."

"आपण गेलो होतो का आलेप्पीला?"

त्याने वस्तरा धुतला. मग पाठ करूनच म्हणाला, "मी जिन्यातून हाक मारली होती तुला. रोज मारायचो. तू आली नाहीस."

"मग कोण आलं?"

त्याने टॉवेलने तोंड पुसलं आणि शर्ट चढवून कामावर गेला.

दुसरी बाई असती तर मी तिच्या झिंज्या उपटल्या असत्या. तिच्या दारात जाऊन तमाशा केला असता, बेलवलीहून भावांना बोलावलं असतं. इथे झिंज्या उपटायच्या कुणाच्या? नवरा बाहेरख्याली निघाला म्हणून रडावं, तर बाहेरची बाई माझंच नाव लावते, माझी साडी नेसते आणि माझ्यासारखी घडी घालून परत ठेवते. मला तिचा हेवा वाटायचा, हे खरं आहे. तिला शहर बघायला मिळालं. तिला माझ्या लग्नातला तो "मी नेईन तुम्हाला" म्हणणारा माणूस मिळाला. माझ्या वाट्याला त्याचे मळलेले शर्ट आले.

*

त्र्याण्णवला परत एलटीसी आली. हरिचंद्र खरी तिकिटं घेऊन आला. मी ती उजेडात धरून बघितली, स्टेशनवर जाऊन खिडकीवर विचारून आले. गाडी खरी, डबा खरा, दोन नावं खरी.

"या टायमाला खरोखरचं," तो म्हणाला. माझ्याकडे बघून म्हणाला, फोटोकडे नाही. "मागच्याला तुझ्यावर अन्याय झाला सुनंदा. मला कळत नाय काय?"

मी विरघळले. इतकं झाल्यावर विरघळायला नको होतं, पण माणूस चार वर्षं उपाशी असला की शिळंसुद्धा हसून खातो. मी मरून साडी काढली. पोपटी तिकडे कपाटाच्या तळाला पुड्यात होती, ती तिथेच राहू दिली. अन्नम्माला किल्ली दिली. तिने परत बहिणीला फोन केला.

कल्याणला गाडी वेळेवर आली. आम्ही डबा शोधला, बॅगा सीटखाली सारल्या. मी खिडकीजवळ बसले. प्लॅटफॉर्मवर ऊन होतं, केळीवाले होते, सगळं जसं असतं तसं होतं. हरिचंद्रने वॉटरबॅग हलवून बघितली.

"रिकामी आहे की. जा ना, भरून आण. पाण्यातलं तुझ्याइतकं कुणाला कळतं?"

मी हसले. हो, तेव्हा मी हसले, आणि मला वाटलं, बघ, येतं की मलाही. मी उतरले. नळ समोरच होता. वॉटरबॅग धुवून घेतली, आधी थोडं पाणी वाहू दिलं, मग भरली. झाकण लावत होते तेव्हा गाडी हलली.

मी धावले. आमची खिडकी माझ्यासमोरून सरकत होती.

हरिचंद्र बसला होता. त्याच्यासमोर, माझ्या जागेवर, पोपटी साडी होती.

गजांवर हात होता. हिरव्या बांगड्या.

ती हसत होती. मान मागे टाकून, सगळे दात दिसतील असं.

मी हाक मारली. "अहो!"

त्याने मला बघितलं. चुकून नाही, नीट बघितलं. ओळखीचं माणूस स्टेशनवर दिसावं आणि आता बोलत बसायला वेळ नसावा, तसं बघितलं.

मग त्याने खिडकीचं शटर खाली ओढलं.

*

मी अंबरनाथला परत आले ती हातात भरलेली वॉटरबॅग घेऊन. जिन्यात ठरवलं होतं की अन्नम्माच्या गळ्यात पडून सगळं सांगायचं, अगदी पहिल्या रिक्षापासूनचं. मी बेल वाजवली. तिने दार उघडलं. डोळे पुसत होती, ड्युटीहून येऊन झोपलेली असावी. ती नर्स आहे, वेळीअवेळी झोपते.

"आलात काय तुमी? बरा झाला," ती म्हणाली. "सुनंदा बोलून गेली, पाणी भरायला बाई येल. हा घ्या किल्ली."

अन्नम्मा मला कधीच तुम्ही म्हणाली नव्हती.

"अन्नम्मा, अगं मी..."

"पिंप झाकून ठेवा हां. डास होते," ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं.

झोपेत होती, चष्मा नव्हता, चेष्टा करत असेल. मी जिन्यात उभी राहून एकेक कारण लावून बघितलं, जशी नमुना बिघडला की लावते. मग घर उघडलं. कपाटाच्या तळाशी पुडा होता, रिकामा, व्यवस्थित दुमडलेला. मरून साडीतच मी रात्रभर पडून राहिले.

दोन दिवस कुठेही गेले नाही. रजा टाकलेली होती. गॅलरीत उभी राहिले तर समोरच्या बायका माझ्याकडे बघायच्या आणि आपापलं बोलणं पुढे चालू ठेवायच्या. आई असती तर बेलवलीला गेले असते. आई गेली त्याला वर्षं झाली, आणि भावांच्या दारात काय म्हणून उभी राहू? त्यांनी ओळखलं नाही तर?

तिसऱ्या दिवशी दुपारी अन्नम्माने भिंतीवर थाप मारली. "बाई, तुमचा फोन."

मी तिच्या घरात गेले. रिसीव्हर कानाला लावला.

आधी खरखर. मग पाण्यावर वल्हं पडल्याचा आवाज. माणसं, भांडी, कुणीतरी मल्याळममध्ये हसत ओरडत होतं.

मग माझा आवाज.

स्वतःचा आवाज ओळखायला वेळ लागतो म्हणतात. मला नाही लागला. फक्त तो माझ्याहून मोकळा होता.

"हॅलो, ताई? ऐकू येतंय ना? आम्ही रविवारी येतोय."

मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"तेवढं शनिवारी पिंप भरून ठेवाल ना आमचं? आणि किल्ली अन्नम्माकडे द्या जाताना."

मागून हरिचंद्रचा आवाज आला. "झालं का? चल, होडी सुटेल." मला तो आवाज माहीत होता. आमच्या ओटीवर, कॅलेंडरखाली, तो याच आवाजात बोलला होता.

"आले, आले," ती म्हणाली. मग परत फोनमध्ये, अगदी मायेने, "ताई? भराल ना?"

मी म्हटलं, "हो. भरते."

आज शनिवार. सकाळी पाणी आलं, पिंप भरलं आणि झाकलं. किल्ली अजून माझ्याकडे आहे. दार आतून लावून घेतलं आहे. फोटो आरशाशेजारी आहेच, आणि मी मघापासून मान मागे टाकून हसून बघते आहे. अजून तसं येत नाही.